मदत हवी आहे: वालाच्या बियांना भुंगा लागलाय, रविवारी बीवाटप आहे

परसबागवाली
अर्जंट आहे. सोसायटीच्या परसबागेत आम्ही सात-आठ जण दर रविवारी काम करतो. जपून ठेवलेलं वालाचं बी आज काढलं तर बरणीच्या तळाला पीठ, वर भुंगे फिरतायत आणि निम्म्याहून जास्त बियांना गोल भोकं. रविवारी बीवाटप ठेवलंय, तीसेक घरांना सांगून झालंय. उन्हात घालू का? औषध कुठलं मारू? भोकाचं बी उगवतं का? लवकर सांगा प्लीज.

काळीमाती
वाल म्हणजे नक्की कुठला? कडवे वाल, पावटा, घेवडा, प्रत्येक गावात नावं वेगळी. आमच्याकडे कोरेगावला घेवडा म्हटलं की वाघ्या घेवडा, तो राजम्यातला, त्याचा वालाशी संबंध नाही. बी कधी काढलं, किती वाळवलं, कशात भरलं?

परसबागवाली
वाल म्हणजे वाल हो, चपट्या जांभळ्या शेंगांचा, वेल मांडवावर जातो तो. फेब्रुवारीत शेंगा वाळल्या, सोलून दोन दिवस गॅलरीत पसरलं आणि प्लॅस्टिकच्या बरणीत भरलं. औषधाचं सांगा ना कुणीतरी.

मडक्यातलं_बी
प्लॅस्टिकची बरणी, तिथंच चुकलं. आमच्या घरी चुलीची राख चाळून मडक्यात एक थर राख एक थर बी असं भरायचे, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणामातीने लिंपून टाकायचं. वर्षभर हात लावायचा नाही. औषध वगैरे काही लागत नाही.

रोखठोक
धान्यात टाकायची गोळी मिळते दुकानात, एक टाका, रात्रीत साफ.

काळीमाती
@रोखठोक कृपा करून असले सल्ले देऊ नका. ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी माणसं गेलीयत. फ्लॅटमध्ये कधीच नाही. परसबागवाली, हे अजिबात करू नका.

थंडथंड
फ्रीजर. बी कडक वाळलेलं असेल तर हवाबंद डब्यात आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आतली अळीसुद्धा मरते. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला आला की उघडा नाहीतर बियांवर पाणी सुटतं. मी तीन वर्षं चवळी अशीच ठेवतोय.

मडक्यातलं_बी
पिढ्यान्‌पिढ्या बी टिकलं ते काय फ्रीजरमुळे? बी जिवंत असतं, बर्फात मरेल ते.

थंडथंड
ओलं असेल तर मरेल, म्हणून तर कडक वाळवा म्हटलं. दाताखाली धरून बघा, खूण उमटली तर अजून ओल आहे. राखेला मी नाव ठेवत नाही, राखेत भुंग्याला हलता येत नाही, अंडी घालायला जागा मिळत नाही. पण कडधान्याचा भुंगा बरेचदा शेतातच वाळत्या शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्याच्या आत शिरून घरात येते. आत बसलेल्या अळीला वरची राख काय करणार?

मडक्यातलं_बी
हे मान्य. पण मग शेंगा वेलीवर फार दिवस ठेवू नयेत, वाळत आल्या की लगेच काढाव्यात, आई तसंच करायची.

नियमावली
बीवाटप करताय तर कायदा माहीत असू द्या. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

परसबागवाली
विकत नाहीये कुणी. भोकाचं बी उगवतं का एवढंच सांगा.

बिरडंप्रेमी
जांभळ्या वालाचं बिरडं काय लागतं! विषय निघालाच आहे तर, आमच्या गच्चीवरचा दुधी या वर्षी कडू निघाला, बी घरचंच होतं, ते धरू का पुढे?

काळीमाती
@बिरडंप्रेमी अजिबात नाही, आणि तो दुधी खाऊही नका, रस तर नकोच, कडू दुधीने माणूस गंभीर आजारी पडतो. दुधीत परागीकरण किडे करतात, शेजारच्या वेलाचं परागकण येऊन मिसळतं. बी धरायचं तर उद्या फुलणारी मादी कळी आणि नर कळी दोन्ही दोऱ्याने बांधा, फुललं की हाताने परागीकरण करून परत बांधून ठेवा. वालाला एवढं लागत नाही, तो बहुतेक स्वतःच फळतो.
@परसबागवाली जिथून आणलं तिथून परत का नाही आणत? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंची बीज बँक आहे, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, तिथं वालाचेच कितीतरी प्रकार आहेत.

परसबागवाली
तिथला वाल चांगलाच असेल पण तो हा नाही. हे बी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या आईने भोरजवळच्या गावातून मूठभर दिलं होतं. त्या आजी दिवाळीत वारल्या, घर बंद आहे, गावात आता कुणी हा वाल लावत नाही, मावशींनी दोनदा जाऊन विचारलं. बरणीत आहे तेवढंच आहे.

काळीमाती
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! मग रविवारी वाटप करूच नका. सगळं बी परातीत ओता, एकही भोक नाही ते वेगळं, एक भोक वेगळं, दोन-तीन भोकांचं टाकून द्या (घराबाहेर, भुंग्यांसकट). पांढरे ठिपके चिकटलेले दिसतील ती अंडी, ते बी लगेच पेरा नाहीतर फ्रीजर. एका भोकाचं बी कोंबाचा भाग शाबूत असेल तर उगवतं, रोप जरा अशक्त येतं. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चार-पाच दिवस बघा.

थंडथंड
आणि मृगाची घाई नको. गावठी वाल दिवस लहान झाले की फुलतो, जूनमध्ये लावा की जुलैअखेर, शेंगा थंडीतच. अर्धं आत्ता लावा, अर्धं फ्रीजरमध्ये ठेवून जुलैत. एका पावसात सगळं जायला नको.

मडक्यातलं_बी
पुढच्या वर्षी बी पाच घरांत वाटून ठेवा. राखेत ठेवा की फ्रीजरमध्ये, एका बरणीत ठेवू नका.

परसबागवाली
अपडेट. काल रात्री मावशी आणि मी निवडत बसलो. बिनभोकाचे त्रेसष्ट दाणे निघाले, एक भोकाचे चाळीसेक. फडक्यात एक भोकाचेच दहा बांधलेत. बीवाटपाचा मेसेज ग्रुपवर मागे घेतला, दोघं चिडलेत, चालेल. त्रेसष्टमधले तीस मावशी गावच्या बहिणीकडे लावायला नेणार आहेत, बाकीचे वाळवून फ्रीजरमध्ये. फडक्यातलं शनिवारी सांगते.

थंडथंड
डब्यावर वाण, गाव आणि मावशींच्या आईचं नाव लिहून ठेवा.