खंडानंतर पुन्हा धावताना : तुमचा अनुभव लिहा

मोठा खंड पडल्यावर परत धावायला लागलेल्या कोल्हापूर परिसरातल्या मंडळींनी इथे लिहावं. त्यातही नुसतं तब्येतीसाठी नाही, तर स्वतःची जुनी वेळ मोडायची या जिद्दीने धावणाऱ्यांनी. किती वर्षं सुटलं होतं, काय चुकलं, वेळ कशाने कमी झाली, सगळं मोकळेपणाने लिहा. आकडे जरूर द्या, वाचणाऱ्याला आकड्यांचाच उपयोग होतो. सुरुवात मी करते.

सागरमाळ, वय ४४

माझी हाफ मॅरेथॉनची (साधारण २१ किलोमीटर) जुनी वेळ २:०४:१०. त्यानंतर बाळंतपण, मग आईचं आजारपण, सात वर्षं बूट कपाटातच. परत सुरू केलं ते शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, पहाटे साडेपाचला. पहिले दोन आठवडे मुख्य इमारतीपर्यंतच्या चढाला धाप लागायची. पाचव्या आठवड्यात तोच चढ गप्पा मारत चढले आणि वाटलं, आलं की सगळं परत! लगेच आठवड्याचे चाळीस किलोमीटर केले.

आठव्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली. आधी धावताना, मग जिना उतरताना, मग रात्री पडल्या पडल्याही. बोटाने दाबत गेले तर आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ यायची. एमआरआय झाला. हाडाला ताणाची बारीक चीर. आठ आठवडे धावणं बंद.

तेव्हा फिजिओथेरपिस्टने जे सांगितलं ते मला आधी कोणी सांगायला हवं होतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिनोन्‌महिने लागतात. जुना धावपटू नेमका इथेच फसतो. दम परत आलेला असतो, मनाला जुना वेग आठवत असतो, पाय मात्र अजून नवशिक्याचे असतात.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तीन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, तेही दिवसाआड. दर चौथा आठवडा हलका. बहुतेक सगळं धावणं पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश. आठवड्यातून एकच दिवस जोराचा. दीड वर्षाने १:५८:४० लागली, म्हणजे किलोमीटरला ५:३७. शेवटच्या वळणावर घड्याळ बघितलं आणि रडूच आलं.

कळंबा, वय ५२

मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे, शिफ्टची नोकरी. मुंबईची फुल मॅरेथॉन पहिल्यांदा केली तेव्हा पहिला अर्धा भाग बरोब्बर दोन तासांत आणि दुसरा दोन तास चोवीस मिनिटांत. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला तोवर पायात काही उरलंच नव्हतं. नंतर सहा वर्षं धावलोच नाही.

परत आलो तेव्हा वेग वाढवायच्या मागे लागलो नाही. दोन गोष्टी शिकलो. पहिली, सुरुवातीला हात आखडता घ्यायचा. दुसरी, खायचं. तीन-चार तास धावायचं तर ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती पचवायची सवय सरावातच लावावी लागते. मी रविवारच्या लांब धावण्याला कागदात गुळाचे खडे बांधून नेतो, बाटलीत मीठ-लिंबू-साखर. पहिल्या रविवारी पोट ढवळलं, चौथ्या रविवारी सवय झाली. पुढच्या वेळी २:०४ आणि २:०२. एकूण ४:०६. अठरा मिनिटं वाचली, तीही जोर वाढवून नाही.

रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी मी जोराचा सराव करत नाही. झोप झाली नसेल तर तो सराव अंगी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

राजारामपुरी, वय २३

हे मुलींसाठी लिहितेय. शाळेत १५०० मीटर पळायचे. कॉलेजात सुटलं, मग दहा किलोमीटरसाठी परत सुरू केलं. वजन कमी केलं की वेळ कमी होईल असं डोक्यात बसलं होतं. रात्रीची भाकरी बंद केली. चार महिने पाळी आली नाही आणि मला वाटलं, सराव जास्त आहे म्हणून होतं असं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शरीराला धावण्यापुरतंही अन्न मिळत नाहीये, असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील. तपासणीत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, खूप कमी निघालं.

भाकरी परत सुरू केली, औषध घेतलं, तीन महिने फक्त सावकाश धावले. पाळी नियमित झाली. आधी ५२:१० लागायची, आता ४८:३५. वजन आधीपेक्षा तीन किलो जास्त आहे. पाळी थांबली तर कृपा करून वाट बघू नका, लगेच दाखवा.

↳ *सागरमाळ :* हे लिहिलंस ते फार बरं केलंस गं. आमच्या वेळी कोणी बोलतच नव्हतं.

शिवाजी पेठ, वय ३८

आमच्या घरात तालमीची परंपरा, मी लाल मातीतनं रस्त्यावर आलो. मधी पाच वर्षं कायच केलं नाही. परत पळायला लागल्यावर गुडघा धरायचा. वडील म्हणाले, आधी बैठका मार, मग पळ. ते खरं ठरलं बघा. आठवड्यातनं दोनदा बैठका, आणि पायरीवर एका पायावर उभं राहून टाच सावकाश खाली-वर.

सातारा हिल हाफ करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. यवतेश्वरचा चढ समद्यांना दिसतोय, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. म्हणून मी वाघबिळापासनं पन्हाळ्यावर पळत जातो आणि पळतच उतरतो. पहिल्यांदा उतरलो तवा तीन दिवस जिना उतरता येत नव्हता. आता कायबी होत नाही. २:१९ वरनं २:०७.

ताराबाई पार्क, वय ६१

निवृत्त शिक्षक. चाळिशीतली माझी दहा किलोमीटरची ४६ मिनिटं आता येणार नाहीत. वयाबरोबर ऑक्सिजन वापरायची क्षमता घटते, सरावाने ती घट फक्त मंदावते. म्हणून साठाव्या वाढदिवशी नवी वही काढली. पहिल्या पानावर ६६:२०, काल ६१:०५. वही रंकाळ्यावर घेऊन जातो, घाम पुसायच्या आधी लिहितो.

फुलेवाडी, वय ३५

ताई, सगळं वाचलं. नऊ वर्षांनी सोमवारपासून सुरू करतोय. जुनी हाफ १:४९. पहिल्या दिवशी किती धावू? पाच किलोमीटर चालतील का?

↳ *सागरमाळ :* नाही दादा. वीस मिनिटं, त्यात तीन धाव आणि एक चाल. मंगळवारी सुट्टी, बुधवारी तेवढंच. पहिले तीन महिने १:४९ चा विचारसुद्धा करू नका. आणि रोज रात्री नडगीवरून बोट दाबत खाली आणत जा. एकाच जागी कळ आली तर दुसऱ्या दिवशी बूट घालायचे नाहीत.