सल्ला हवा: स्टेबल आणि डेव्ह, दोन्हीची डॉक्स एकत्र कशी सांभाळता?

दौत
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून एक छोटी ओपन सोर्स पायथन लायब्ररी सांभाळतो, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर ती युनिकोडमध्ये आणून देते. वापरणारे बरेचसे तालुक्याच्या गावचे डीटीपीवाले, शिक्षक, जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली घेऊन बसलेले लोक. स्टेबल, म्हणजे लोक वापरतात ते रिलीज, २.३ आहे, मेन ब्रँचवर (कोडची मुख्य शाखा, हेच डेव्ह) ३.० चं काम चालू आहे, डॉक्स म्हणजे वापराच्या माहितीची पानं स्फिंक्स या साधनात लिहितो आणि रीड द डॉक्स या साइटवर ठेवतो.

मागच्या आठवड्यात एका सरांचा मेल आला. त्यांनी आमच्या डॉक्समध्ये वाचून कमांडला कीप-लाइन्स हा ऑप्शन दिला तर टर्मिनलवर नुसतं 'अनरेकग्नाइझ्ड आर्ग्युमेंट्स'. सरांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून दोन संध्याकाळी पायथन काढून परत टाकत बसले. तो ऑप्शन फक्त मेनवर आहे हो, पिपने (पायथनची लायब्ररी उतरवायची कमांड) मिळतं ते २.३, आणि गूगलवरून ते पोचले 'लेटेस्ट'च्या पानावर. लेटेस्ट म्हणजे सगळ्यात नवं रिलीज असंच कोणीही समजणार ना. फार वाईट वाटलं मला.

तर डॉक्स कोडपासून वेगळ्या रेपोत (फाइलींच्या साठ्यात) न्यावीत का? प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते आणि एक हमखास राहून जाते, तुम्ही काय करता? शिवाय मराठी भाषांतर पण आहे.

माळरान
दौत, आधी ते लेटेस्टचं निस्तरा, पाच मिनिटांचं काम आहे. रीड द डॉक्समध्ये 'लेटेस्ट' म्हणजे तुमची डिफॉल्ट ब्रँच, म्हणजे मेन, आणि 'स्टेबल' म्हणजे सगळ्यात वरच्या नंबरचा रिलीज टॅग (रिलीजच्या कोडवर लावलेली खूण), बीटा आणि आरसी या रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्या सोडून. नव्या प्रोजेक्टला डिफॉल्ट लेटेस्टच असतं म्हणून सगळे तिथे जाऊन पडतात. सेटिंगमध्ये डिफॉल्ट व्हर्जन 'स्टेबल' करा. रीडमी (रेपोतली ओळखीची फाइल) आणि पायपीआय (पिप जिथून लायब्ररी घेतं ती साइट) यांच्या पानावरचे दुवेसुद्धा एकेक उघडून बघा, तिथे जुने दुवे लपून बसलेले असतात. आणि स्फिंक्सच्या कॉन्फ फाइलमध्ये एचटीएमएल-बेसयूआरएल म्हणून सेटिंग आहे त्यात स्टेबलचा पत्ता टाका, म्हणजे डेव्हचं पान सापडलं तरी गूगलला कळतं की खरं पान स्टेबलचं.

सांजवारा
वेगळा रेपो अजिबात करू नका. कोड बदलणाऱ्याने त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल कोडमध्ये घ्यायची विनंती) डॉक्स बदलायची, हा नियम एकदा मोडला की डॉक्स मागे पडलीच म्हणून समजा. जँगो या वेब फ्रेमवर्कची डॉक्स कोडच्याच रेपोत आहेत, पोस्टग्रेस या डेटाबेसचं अख्खं मॅन्युअलसुद्धा सोर्सबरोबरच असतं.

दोनदा दुरुस्ती टाळायची तर दिशा एकच ठेवा, आधी मेन, मग तिथून स्टेबल ब्रँचवर चेरी-पिक (फक्त तोच बदल उचलून नेणं), आणि तेही त्याच बैठकीत. चेरी-पिकला मायनस एक्स लावा म्हणजे मूळ कमिटचा (नोंदलेल्या बदलाचा) नंबर मेसेजमध्ये आपोआप येतो आणि सहा महिन्यांनी काय नेलं काय राहिलं ते ग्रेप करून (शोधून) कळतं. पायथनवाले पुल रिक्वेस्टला लेबल लावतात आणि बॉट बॅकपोर्टची (तोच बदल जुन्या व्हर्जनवर नेण्याची) रिक्वेस्ट उघडतो, तुम्ही तिघंच आहात तर लेबल पुरे, बॉट नको.

नव्या ऑप्शनखाली स्फिंक्सचं व्हर्जनअ‍ॅडेड टाका, '३.० पासून' एवढी एक ओळ सरांना दिसली असती तर त्यांच्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. जँगोवाले दर नव्या चक्रात जुन्या खुणा काढून टाकतात तेही करा, नाहीतर पान 'अमुकपासून तमुकपासून'नेच भरून जातं.

कोकणकडा
मी उलट बाजूचा अनुभव सांगतो, म्हणजे या वाटेला कोणी जाऊ नये. आम्ही डॉक्युसॉरसवर (डॉक्सची साइट बनवायचं दुसरं साधन) होतो, तिथे व्हर्जन कापलं की डॉक्सच्या फोल्डरची पूर्ण कॉपी बनते. सुरुवातीला फार सोपं वाटतं, कोणालाही समजतं, पण पाच व्हर्जन झाली आणि इन्स्टॉलच्या पानावरची एक चुकीची कमांड पाच फोल्डरांत सुधारायला लागली, त्यातली दोन राहिली आणि लोक वर्षभर तीच चालवत होते. दोनच व्हर्जन जिवंत ठेवणार असाल तर चालेल, एरवी ब्रँचच बऱ्या.

दौत
सगळ्यांचे आभार. डिफॉल्ट आजच बदललं. आता एकच अडलंय, चेरी-पिक केलं, स्टेबल ब्रँचवर दुरुस्ती दिसतेय, पण साइटवर काही बदललं नाही. शिवाय नक्की काय काय मागे न्यायचं? मेनवर मी बऱ्याच वाक्यांची भाषा पण सुधारलीये.

माळरान
अरे हो, हे सांगायचं राहिलं. साइटवरचं स्टेबल टॅगवरून बनतं, ब्रँचवरून नाही, त्यामुळे नवा टॅग येईपर्यंत जुनंच दिसणार. एकतर २.३.१ काढा, नाहीतर रेपोत 'स्टेबल' याच नावाची ब्रँच ठेवा, मग रीड द डॉक्स टॅगऐवजी तीच धरतं आणि पत्ताही बदलत नाही.

शाईचा डाग
मी भाषांतराच्या बाजूने बोलते, कारण भाषेच्या सुधारणा मागे न्यायच्या म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द जरी बदलला तरी पीओ फाइल (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली) अपडेट करताना त्या वाक्याचं मराठी 'फझी', म्हणजे परत तपासायचं, होतं, आणि स्फिंक्स फझी भाषांतर डिफॉल्टला वापरत नाही. पूर्ण मराठी पान वाचता वाचता मधेच एक इंग्रजी वाक्य येतं. मी एकदा एका प्रोजेक्टवर रात्री बसून एकशेचाळीस वाक्यं परत बघितली, त्यातल्या बहुतेकांत फक्त स्वल्पविराम हलला होता, आणि त्या पानावर येणाऱ्या माणसाला इंग्रजीचीच अडचण असते म्हणून तर आपण भाषांतर करतो ना.

म्हणून स्टेबलवर फक्त चुकीचंच न्या. चुकीची कमांड, तुटलेला दुवा, डेटा जाईल असा सल्ला, सिक्युरिटीची सूचना, बास. छान केलेली वाक्यं ३.० बरोबर येऊ द्या. भाषांतर पण स्टेबलचंच करा, डेव्हचं पान रोज हलतं, तिथे केलेली मेहनत टिकत नाही. ३.० ची आरसी आली की वाक्यं गोठवा आणि भाषांतर करणाऱ्यांना दोन आठवडे द्या.

दौत
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अकरा कमिट मागे न्यायला काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या दोनच नेते, एक चुकीची कमांड आणि एक तुटलेला दुवा. स्टेबल नावाची ब्रँच केली, साइटवर दुरुस्ती दिसली. डेव्हच्या पानांवर वर पट्टी पण लावली, 'ही ३.० ची कच्ची डॉक्स आहेत, पिपने घेतलं असेल तर स्टेबल बघा', मराठीतही. सरांना स्टेबलचा दुवा पाठवलाय.

माळरान, बेसयूआरएलचं एक बघाल का? कीप-लाइन्सचं पान फक्त मेनवर आहे, त्यामुळे त्याचा स्टेबलकडचा पत्ता ४०४ देतोय.

माळरान
तेवढं एक पान सोडून द्या, ३.० निघालं की पत्ता आपोआप जिवंत होईल. अशी पाच-सहा पानं झाली तर स्टेबलमध्ये त्याच नावाचं दोन ओळींचं पान ठेवा, 'हे ३.० मध्ये येतंय' म्हणून.