भाजलेल्या साल्सासाठी भाज्यांवर भाजल्याचा काळा डाग कसा पाडता? : अनुभव धागा

रानजाई
काल वहीत मावशीच्या अक्षरातला एक कागद सापडला आणि ती मेक्सिकोत राहत असतानाचे तिचे स्वयंपाकघर आठवले. तेथे साल्सासाठीचे, म्हणजे मेक्सिकन चटणीसाठीचे, टोमॅटो, मिरच्या, कांदा आणि सालीसकट लसूण कोमालवर, म्हणजे तिकडच्या सपाट तव्यावर, तेलाचा थेंबही न घालता भाजले जात. साल काळी पडून तडकेपर्यंत मावशी टोमॅटोला हात लावू देत नसे. नुसत्या शिजवलेल्या टोमॅटोच्या साल्साला ती चव येत नाही. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

अर्धाकप
सारा प्रश्न ओलीचा आहे. भाजीच्या पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही आणि खरपूस रंग व वास त्याहून बऱ्याच अधिक उष्णतेवरच येतो. म्हणून मी भाज्या धुऊन कोरड्या पुसते, बिडाचा तवा आधी चांगला तापवते आणि टोमॅटो अख्खेच ठेवते, कारण चिरलेल्या टोमॅटोचा रस तव्यावर पसरला की भाजणे थांबून शिजणे सुरू होते. तव्यावर दाटीवाटी केली तरी हेच घडते.

निवांत
अर्धाकप, कांद्याचे काय करता? माझ्या पातळ चकत्या कडेने जळतात आणि मध्ये कच्च्या राहतात.

अर्धाकप
जाड चकत्या कराव्यात आणि खालची बाजू पुरती काळसर झाल्यावर एकदाच उलटाव्यात. सारखे हलवत राहिल्यास डाग पडत नाही.

पानगळ
माझ्याकडे ओव्हन असल्याने मी ब्रॉयलर, म्हणजे ओव्हनची वरून आच देणारी सोय, वापरतो. जाळी वरच्या तापणाऱ्या कॉइलच्या जवळ लावून एकाच थरात भाज्या मांडतो आणि समोरून हलत नाही, कारण तेथे डाग पडणे आणि कोळसा होणे यांत फार वेळ जात नाही. ट्रेमध्ये सुटलेला रस मात्र टाकू नये. तो साल्सातच घालावा. (आमच्या घरी धुराचा अलार्म हाच टायमर आहे, असे बायकोचे मत आहे.)

सायली_खमंग
पानगळ, आमच्याकडेही तीच व्यवस्था आहे! सुक्या मिरच्यांविषयी कोणी लिहिलेच नाही. त्या टोमॅटोच्या वेळापत्रकाने भाजता येत नाहीत. तव्यावर काही सेकंद दाबून धरल्या आणि वास सुटला की लगेच काढाव्या लागतात. काळ्या पडल्या तर अख्खा साल्सा कडू होतो आणि धुराने घरभर ठसका लागतो तो वेगळाच. लसूण सालीसकट भाजण्याचे कारणही हेच असावे, कारण साल जळते आणि आतली पाकळी मऊ, गोडसर होते.

रानजाई
सायली, मावशीच्या कागदावर लसणापुढे "सोलू नकोस" असे दोनदा अधोरेखित केलेले आहे.

मध्यमवर्गी
हिरव्या साल्साची बाजू मांडतो. टोमॅटिलोचे (टोमॅटोसारखे दिसणारे हिरवे, आंबट फळ) कागदासारखे आवरण काढल्यावर खाली चिकट थर असतो, तो धुतल्याशिवाय भाजू नये. त्यावर डाग पडले आणि चमकदार हिरवा रंग फिका पडला की तो उतरवावा. फार वेळ ठेवल्यास फुटतो आणि आंबट रस तव्यावरच आटून जातो.

निवांत
आणि काळी साल काढायची की ठेवायची? यावरून आमच्याकडे वाद आहे.

पानगळ
टोमॅटोची सुटून आलेली तेवढी काढावी, उरलेली वाटली जाऊ द्यावी. ते काळे ठिपके दिसायलाही छान दिसतात. पोब्लानोसारख्या जाड सालीच्या मिरच्या मात्र भाजल्यावर झाकून ठेवून सोलाव्यात. नळाखाली धरून सोलू नयेत; भाजल्याची चवच वाहून जाते.

सायली_खमंग
एक सूचना राहिली : नॉनस्टिक तवा यासाठी वापरू नये, रिकामा तवा इतका तापवणे त्या लेपाला सोसत नाही.

निवांत
वाचले. बिडाचा तवा माळ्यावरून उतरवते आहे.