पाळणाघरात मुलगा चावतो म्हणून भिंतीकडे बसवतात. ताईंशी काय बोलू?

पाथर्डी फाट्यावरची आई

नमस्कार. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मी अंबड एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे तो सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात असतो. हल्ली तो दुसऱ्या मुलांना चावायला लागलाय. तिथल्या ताई त्याला भिंतीकडे तोंड करून बसवतात आणि ‘सॉरी’ म्हटल्याशिवाय उठू देत नाहीत. आता घरात कोणी जरा मोठ्याने बोललं तरी तो ‘सॉली, सॉली’ म्हणत कान धरतो. मला ते बघवत नाही. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलंय. ताई मायाळू आहेत, खाऊपिऊ नीट घालतात, म्हणून पाळणाघर बदलायचं मनात नाही. पण त्यांच्याशी कसं बोलू? आणि भावना ओळखणं, सांभाळणं हे एवढ्या लहान मुलाला शिकवता येतं का?

इंदिरानगर पाळणाघर

येतं, पण समजावून सांगून नाही. मी बरीच वर्षं पाळणाघर चालवते, म्हणून सविस्तर लिहिते.

एक ते तीन या वयात चावणं सर्रास दिसतं. राग पूर्ण येतो, सांगायला शब्द नसतात, आणि स्वतःला आवरायची ताकद मेंदूत अजून तयार व्हायची असते. तिची घडण पार पंचविशीपर्यंत चालते. भिंतीकडे बसवून ती लवकर येत नाही. मूल शांत होतं ते शांत माणसाच्या कुशीत. असं पुन्हा पुन्हा झालं की हळूहळू त्याचं त्याला जमायला लागतं.

आमच्याकडे बादल्या, डबे, चेंडू सगळं दोन-दोन आहे, कारण या वयाच्या मुलांनी वाटून घ्यावं ही अपेक्षाच चुकीची. तीनचाकी मात्र एकच. एकाने हँडल धरलेलं, दुसरा मागून सीट ओढतोय, तोंड उघडलेलं. आमच्या मावशी ओरडत नाहीत. झटकन दोघांच्या मध्ये जमिनीवर बसतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अडवतात आणि म्हणतात, ‘राग आलाय तुला. गाडी हवी होती ना? पण चावू देणार नाही मी.’ बस, एवढंच. रडला तर रडू देतात, पण जवळून हलत नाहीत.

तरीही चावलाच, तर आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं. जागा धुवायची, थंड फडकं लावायचं. चावणाऱ्यालाही सोबत घ्यायचं, ‘बघ, दुखतंय त्याला. फडकं धरतोस?’ कधी धरतो, कधी पळून जातो. जबरदस्ती करायची नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललेलं असतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या सुमाराला पक्की होते. तोवर ‘सॉरी’ हे फक्त तिथून उठता यावं म्हणून म्हटलं जातं.

ताईंकडे तक्रार घेऊन जाऊ नका. एका बाईच्या अंगावर डझनभर मुलं असली की तिचाही जीव मेटाकुटीला येतो. किती वाजता चावतो, कोणाला, त्याआधी काय झालं होतं, एवढं आठवडाभर वहीत लिहायला सांगा. माझा अंदाज, बहुतेक वेळा दुपारी साडेचारनंतरचं निघेल. झोप अर्धवट, पोटात भूक, आणि दारावरची बेल वाजली की दरवेळी दुसऱ्याचीच आई! त्याच्या आधीच केळं किंवा मुरमुऱ्याचा लाडू हातात दिला, कोणीतरी मांडीवर घेतलं, तरी पुष्कळ फरक पडतो. भिंतीकडे बसवणं मात्र बंद करा, हे स्पष्ट सांगायचं. तिथे भीड नको.

घरी त्याने कान धरले तर हात अलगद खाली घ्या. ‘आई रागावली नाहीये, कुकरच्या शिट्टीमुळे मोठ्याने बोलले,’ असं सांगा.

सातपूरचा बाबा

एक भर घालतो. आमच्या मुलीच्या आधीच्या पाळणाघरात सांगायचे, ती खेळात रमली की गुपचूप निघा. मग ती दिवसभर दाराकडे बघत बसायची. आता मी सांगून निघतो, ‘झोप झाली, खाऊ खाल्ला की बाबा येणार.’ घड्याळ कळत नाही, पण खाऊची वेळ बरोबर कळते. रडते अजूनही, पण लवकर सावरते.

आणि तुमच्या कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ते आलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यायची मुभाही त्यात आहे. एचआरला विचारा जरूर.

पंचवटीची आजी

अगं, सासूबाईंचं मनाला लावून घेऊ नकोस. मी अंगणवाडीत नोकरी केली. आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम सांगायचे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली! चिडलेल्या लेकराचंही तसंच, आपण त्याच्यापाशी जायचं.

सासूबाईंना उपदेश करू नकोस, रात्रीची चिऊकाऊची गोष्ट त्यांच्याकडे दे. कावळा पावसात भिजत दाराशी उभा आहे, तिथे थांबून विचारायला सांग, ‘काय वाटत असेल गं त्याला?’ आणि ‘मुलगा असून रडतोस’ हे घरात कोणालाच म्हणू देऊ नकोस.

पाथर्डी फाट्यावरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ताईंशी बोलले. वही ठेवायला लगेच तयार झाल्या. पण भिंतीचं म्हटल्यावर म्हणाल्या, ‘काहीच केलं नाही तर बाकीची मुलंही चावायला लागतील.’ याला काय उत्तर देऊ?

इंदिरानगर पाळणाघर

अडवणं, जखमेकडे बघणं, रागाला नाव देणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. उलट भिंतीकडे बसवण्यापेक्षा त्याला जास्त मेहनत लागते, आणि बाकीची मुलं तेही बघतच असतात. ताईंना एखाद्या दिवशी आमच्याकडे पाठवा. साडेचारलाच येऊ दे, खरी गडबड तेव्हाच असते. मावशींशेजारी बसून बघतील आणि शंका तिथेच विचारतील.