मदत हवी आहे: घरी केलेली मीड चाखायला जाणत्या जिभा, रॉली-डरहॅमच्या आसपास

केरीकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो आणि गेली चार वर्षं घरी मीड करतो. मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट आंबवून केलेली वाइन. 'भट्टी लावली का?' हा विनोद आमच्या मंडळात करून झालाय, इथे नको. कायद्याचंही आधीच सांगतो. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाइन स्वतःपुरती करायला इथे केंद्राची मुभा आहे, विकायला मात्र बंदी. माझी मजल वर्षाला सहा-सात गॅलन.

करायचं आता जमलंय. पाजायचं कोणाला, हा प्रश्न आहे.

बायको घेत नाही. मित्रांचे दोन प्रकार. एक व्हिस्कीवाले, त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न 'याने चढते का?' दुसरे फार सज्जन. ते घोट घेतात, 'वा, मस्तच!' म्हणतात, आणि सगळे गेल्यावर मला फर्नच्या कुंडीमागे तीन-चतुर्थांश भरलेला ग्लास सापडतो. बरं, कुंडीत ओतलाही नव्हता, एवढी माणुसकी.

इथल्या होमब्रू क्लबातही जातो. बहुतेक बीअरवाले, पण दोघे-तिघे मीडवाले आहेत आणि मनाने उमदे आहेत. साध्या मीडबद्दल त्यांच्याकडून खूप शिकलो. पहिल्या खेपेला मला कुजक्या अंड्यांचा वास आला होता. मधात नायट्रोजन जवळजवळ नसतो, यीस्ट उपाशी राहिलं की असा वास सोडतं, त्याला पहिल्या आठवड्यात थोडं थोडं खत घालावं लागतं, हे त्यांनीच सांगितलं. डी-४७ जातीचं यीस्ट २० अंशांच्या वर गेलं की रॉकेलसारखी झणझणीत चव येते, हेही त्यांनीच. (इथला जुलै म्हणजे नागपूरचा धाकटा भाऊ. आता कारबॉय, म्हणजे मीड आंबवायचा मोठा बुधला, तळघरात असतो.)

पण मी कोकमाची मीड नेली तिथे गाडी अडली. त्यांच्यातल्या एकाने बीजेसीपीचा (बीअर-मीडच्या परीक्षकांची संस्था) परीक्षकाचा तक्ता भरून दिला. एकूण ५० गुण, त्यातले २४ एकट्या चवीचे. मला मिळाले ३१ आणि शेरा 'इंटरेस्टिंग'. अमेरिकेत राहणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. एक जण म्हणाला आंबट चेरी, दुसरा म्हणाला डाळिंब. त्यांचा काय दोष? त्यांनी कोकम कधी पाहिलेलंच नाही. आणि मला स्वतःला त्या मीडमध्ये शेवटी, घोट गिळल्यावर, काहीतरी खटकतं. दीड वर्ष झालं, ते काय आहे हे पकडता येत नाहीये. आपलंच पोर, आपल्याला दिसत नाही तसं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. मागच्या वर्षी आई आली तेव्हा महाबळेश्वरचा जांभळाचा मध घेऊन आली. कस्टमच्या कागदावर रीतसर लिहिला होता. अधिकाऱ्याने बरणी उजेडात धरून पाहिली आणि सोडली. त्यातला तीन पौंड मध आणि पाण्याची भर घालून एक गॅलन. सुरुवातीचं विशिष्ट गुरुत्व १.१००, दोन महिन्यांनी १.००० वर थांबलं, म्हणजे साधारण १३ टक्के अल्कोहोल. गाळ सोडून हाती आल्या चार बाटल्या. त्या मधाचा तो किंचित तुरट कडवटपणा मीडमध्ये उतरलाय असं मला वाटतं. खरंच उतरलाय की मला आई आठवते म्हणून वाटतं, हे सांगायला दुसरी जीभ हवी.

तर, या परिसरात कोणी घरी मीड, वाइन करणारं आहे का? करत नसाल तरी चालेल, पण कोकम, जांभूळ, गूळ यांची चव तोंडात बसलेली असावी आणि तोंडावर सांगायची तयारी असावी. पोस्टाने पाठवायची सोय नाही. पोस्ट खातं दारू घेत नाही, कुरिअरवाले परवान्याशिवाय घेत नाहीत. गाडीने दोन-अडीच तासांपर्यंत यायला तयार आहे.

आगाऊ

याने चढते का?

केरीकर

आलात का.

पुणेरी_ताक

लेख आवडला. पुण्यात मूनशाइन कंपनीची मीड बाटलीत मिळते, ती घेऊन बसतो आम्ही. इथल्या वाचकांसाठी मात्र धोक्याची सूचना: महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि घरी असलं काही करायला परवाना लागतो. उत्साहाच्या भरात माळ्यावर बरण्या ठेवू नका. कोणाकडे काय चाललंय हे सोसायटीत सगळ्यांना माहीत असतं.

शब्दवेडा

अवांतर: 'मीड' आणि आपला 'मधु' एकाच मुळातले शब्द. संस्कृतात मधु म्हणजे मधही आणि मादक पेयही. त्यामुळे परदेशी खूळ म्हणून कोणी नाक मुरडलं तर एवढं ऐकवा. चालू द्या.

वॉर्सावाला

अरे वा, आपला विषय! पोलंडमध्ये हा प्रकार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि बाटलीवर मधाचं प्रमाण नावातच असतं. एक भाग मधाला अर्धा भाग पाणी म्हणजे पुवतोराक, एकास एक द्वुयन्याक, एकास दोन त्रुयन्याक, एकास तीन च्फुरन्याक. पुवतोराक वर्षानुवर्षं मुरवतात, आणि गोड इतकी की आपल्याकडचा पाक आठवावा. तुमची गॅलनला तीन पौंडवाली जवळजवळ च्फुरन्याकच भरेल.

जांभळाच्या मधासाठी एक उपाय. आई आठवते म्हणून चव येते का, हे तपासायचं तर साध्या मधाची मीड शेजारी ठेवा आणि तीन ग्लास भरा. दोन एका मीडचे, एक दुसरीचा. भरणारा वेगळा, चाखणारा वेगळा. वेगळा ग्लास पाचातल्या चार वेळा ओळखता आला तर चव खरी. वहिनी घेत नसल्या तरी भरून देऊ शकतील.

केरीकर

हे डोक्यातच आलं नाही! पण प्रत्येक फेरीला दोन-दोन घोट धरले तरी एक बाटली यातच जाईल. दुसरी जीभ मिळेपर्यंत थांबतो.

रत्नांग्रीकरीण

मी स्वतः पीत नाही फारशी, पण कोकमाबद्दल बोलू शकते, आमच्या घरची झाडं आहेत. दादा, तुम्ही कोकम म्हणून नक्की काय घातलंत? रस, की इंडियन स्टोअरमधली आमसुलं?

केरीकर

आमसुलंच. २०० ग्रॅमचं पाकीट, दोन आठवडे त्यात ठेवलं, मग सायफन करून काढलं. का हो ताई?

रत्नांग्रीकरीण

अहो, आमसुलं करताना सालींना कोकमाच्या रसाची पुटं देऊन उन्हात वाळवतात आणि त्या रसात मीठ असतं. आमटीत पडलं तर कोणाला कळत नाही. तुमचं शेवटी खटकणारं जे आहे ते खारट तर नाही ना? पाकिटावर वाचा.

केरीकर

पाकीट फेकलं होतं. आत्ता दुकानात जाऊन तसंच दुसरं आणलं. साहित्य: कोकम, मीठ.

मग ग्लास भरून घेतला. मीठ! सरळ मीठ आहे! दीड वर्ष आम्ही सगळे टॅनिन, आम्लता, यीस्टची जात यावर चर्चा करतोय आणि परीक्षकाने पाऊण पान लिहिलंय. आम्हालाही रोज सोलकढीची सवय, म्हणून कोकमाबरोबर मीठ आलं की जिभेला ते जागच्या जागी वाटतं. ताई, तुम्ही न चाखता सांगितलंत.

रत्नांग्रीकरीण

बिनमिठाची सोलं मिळतात, विचारून घ्यावी लागतात. नाहीतर मे महिन्यात कोणी येणार असेल तर ताज्या फळांची साल सुकवून मागवा. आणि हो, आम्ही शार्लटला असतो. यजमान आवडीने पितात आणि तोंडावर सांगतात, हवं तर मला विचारा, तेवीस वर्षं ऐकतेय.

केरीकर

शार्लट! मग ग्रीन्सबरोला गाठू या, दोघांनाही साधारण दीड तास. येत्या नाही, पुढच्या शनिवारी? जांभळाची एक, कोकमाची खारट एक, साधी एक. बाटल्या बंद करून डिकीत आणतो. उघडून गाडीत ठेवायच्या नाहीत. तीन ग्लासांचं भरण्याचं काम तुमच्याकडे.

रत्नांग्रीकरीण

चालेल. सोबत खायला काय आणू? खारट काही नको म्हणताय ना?

आगाऊ

मी रॉलीतच असतो. येऊ का? खरं सांगेन.

केरीकर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुंडी आणणार नाहीये.