आयझॅक कॅथेड्रल: चर्चला द्यायचं की संग्रहालयच ठेवायचं?

दर्यावर्दी
जुन्या संग्रहातलं लेनिनग्राडचं, म्हणजे आजच्या रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं, एक सोव्हिएत पोस्टकार्ड समोर आहे. सोनेरी घुमट, तांबूस ग्रॅनाइटचे खांब, आणि मागे छापलंय 'संग्रहालय'. 1858 साली पूर्ण झालेल्या या कॅथेड्रलमध्ये सोव्हिएत सरकारने 1931 साली धर्मविरोधी संग्रहालय उघडलं. पुढे जानेवारी 2017 मध्ये गव्हर्नरांनी ते ऑर्थोडॉक्स चर्चकडे सोपवायचं जाहीर केलं. लोक रस्त्यावर उतरले, दोन लाखांवर सह्या झाल्या, हस्तांतर बारगळलं. मला वाटतं, योग्यच झालं.

निरंजन_वात
अजिबात पटलं नाही. 1922 मध्ये तिथल्या सोन्याचांदीच्या पूजावस्तू सरकारने जप्त केल्या, मग उपासनाच बंद पाडली. घुमटाखाली पवित्र आत्म्याचं प्रतीक म्हणून चांदीचं कबूतर होतं. ते काढून तिथे फूकोचा लंबक टांगला आणि तो 1986 पर्यंत हलत राहिला. पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवायला गाभाराच लागतो का? बळजबरीने घेतलेलं ज्याचं त्याला परत द्यावं, एवढी साधी गोष्ट आहे.

दर्यावर्दी
लंबकाचं समर्थन मीही करणार नाही. पण 'ज्याचं त्याला' म्हणजे कोणाला? बांधकामाचा पैसा सरकारी खजिन्यातला. क्रांतीआधीही कारभार गृहखात्याकडे होता.

जुनी_भिंत
मालकीवर भांडताना इमारतीकडेही बघा. दमट थंडीने आतली चित्रं इतकी पोपडे धरायची की 1851 पासून त्यांच्या जागी मोझेक बसवायला घेतलं. अशा वास्तूला कायम जाणकार हात लागतात, आणि तो खर्च संग्रहालय तिकिटांच्या पैशातून भागवत होतं. 2017 च्या बेतात मालकी शहराचीच राहणार होती, चर्चला 49 वर्षं विनामूल्य वापर. प्रवेशही मोफत होणार होता. मग डागडुजीचा भार अखेर करदात्यावरच ना?

निरंजन_वात
पडू दे की! देवळात जायला तिकीट लावलेलं आपल्याला चाललं असतं का? 1990 पासून तिथे पुन्हा प्रार्थना होतात हे मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या घरात परवानगीने बसायचं, याला परत मिळणं म्हणत नाहीत.

दर्यावर्दी
घर एकट्या भाविकांचं राहिलेलं नाही, माझा मुद्दा तोच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहराला घातलेल्या वेढ्यात उपनगरांतल्या राजवाड्यांचा ऐवज याच तळघरात ठेवला होता. कर्मचारी उपाशीपोटी तिथेच राहून तो सांभाळत होते, ओल लागलेल्या वस्तू बाहेर काढून वाळवत होते. विमानांना दिसू नये म्हणून घुमट करडा रंगवला होता. खांबांवर तोफगोळ्यांच्या खुणा अजून आहेत, खाली पाटी आहे: शहरावर पडलेल्या 1,48,478 गोळ्यांपैकी एकाची ही खूण. प्रार्थना रोज होऊ देत, वेदीही पुरोहितांकडे असू दे. किल्ल्या मात्र संग्रहालयाकडेच हव्यात.

निरंजन_वात
त्या कर्मचाऱ्यांपुढे मीही हात जोडतो. तरी किल्ल्या चर्चकडेच असाव्यात. जतनाच्या अटी करारात घाला, तज्ज्ञ नेमा, कोण अडवतंय?