आपल्या बंद चर्चला सिमेंट नको: घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

काका: काल जुन्या चर्चमध्ये जाऊन आलो, फोटो टाकलेत. गिलावा ठिकठिकाणी गळालाय, कोनाड्यांत कबुतरं, मनोऱ्यात झाड उगवलंय. दुरुस्तीला बिशपांची परवानगी मिळाली आहे. सुट्टीत सगळे जमलो तर सिमेंटचा गिलावा आणि रंग आपणच करून टाकू.

धाकटा: मी येतो. झाड पहिल्याच दिवशी उपटतो.

ताई: काका, फोटो बघून गलबलून आलं. पण सिमेंट अजिबात नको, हात जोडते. त्या भिंती दगड-चुन्याच्या आहेत. चुना मऊ, भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडत राहते. सिमेंट ती ओल आत कोंडतं. मग पाण्यातल्या क्षारांचे दगडाच्या आत स्फटिक होऊन ते फुगतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. चुन्याचा गिलावा दर काही वर्षांनी पुन्हा लावता येतो, दगड एकदा गेला की गेला.

काका: मग गिलावाच नको. दगड उघडा ठेवू, जुनं रूप दिसेल.

ताई: जुन्या गोव्यात बॉम जेझूचं हेच केलं. ते चर्च १६०५ सालचं. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा उतरवला आणि तेव्हापासून आतला जांभा पावसात झिजतोय. लोकांना वाटतं ते मुळातच तसं लाल आहे. गिलावा शोभेसाठी नव्हता हो, भिंतीचं अंग झाकायला होता.

धाकटा: आणि झाड?

ताई: उपटू नकोस रे. मुळं सांध्यांत शिरलेली असतात, ओढलीस तर दगड घेऊनच बाहेर येतील. खोड कापायचं, मूळ मरू द्यायचं, मग तेवढाच भाग उकलून दगड चुन्यात परत बसवायचे. तेही जाणता गवंडी आणि नीट परांची असेल तरच. कबुतरांची घाण कोरडी झाडू नकोस. पाणी शिंपडायचं, मास्क लावायचा. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते.

वहिनी: अगं मग सुरुवात करायची तरी कुठून?

ताई: छपरावरून. फुटकी कौलं, तुंबलेल्या पन्हळी, पायाशी साचणारं पाणी. हे थांबल्याशिवाय आत एक ब्रशही लावायचा नाही, कारण ओली भिंत वाळायलाच कितीतरी महिने जातात. काका, तुम्हाला आत्ता एक काम सांगू? प्रत्येक मोठ्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा, दोन्ही टोकं पक्की, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. मग तडा बुजवून उपयोग नाही, पाया बघावा लागेल.

काका: उद्याच लावतो.

मावशी: वेदीवरच्या मारियामातेचा रंग उडालाय गं. बघवत नाही. आमच्या ओळखीचा एक पेंटर आहे.

ताई: मावशी, तुझी माया कळते, पण त्याला हात लावू देऊ नकोस. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, कलम ११८९ याचसाठी आहे. भक्तांच्या श्रद्धेतली मौल्यवान प्रतिमा धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय दुरुस्त करायची नाही, आणि परवानगी देण्याआधी त्यांनीही तज्ज्ञांना विचारायचं. भिंतींना परवानगी मिळाली म्हणजे मूर्तीला मिळाली असं नाही. २०१२ साली स्पेनमधल्या बोर्खा गावात येशूचं भित्तिचित्र एका भाविक बाईने प्रेमानेच रंगवायला घेतलं. मूळ चेहरा ओळखू येईना. सध्या आपल्या मूर्तीवर ठिबकणारं पाणी थांबवू.

मावशी: बरं. नाही बोलावत त्याला.

नाना: आमचं लग्न त्याच वेदीसमोर लागलं. मागे लाकडी नक्षी होती, वाळवीने खाल्ली. डोळे मिटायच्या आत ती पुन्हा उभी राहिलेली बघायची आहे.

ताई: नाना, मलाही. पण नक्षी कशी होती हे अंदाजाने ठरवता येणार नाही. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत लिहिलंय, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबायचं. सुताराने मनाची वेल कोरली तर ती तुमची वेदी राहणार नाही. लग्नाचा फोटो आहे का? मागची वेदी दिसणारा?

नाना: एक आहे. दोन्हीकडची माणसं उभी आहेत, मागे सगळं दिसतं.

ताई: तोच हवा! पुसू नका, चिकटलेला असेल तर ओढू नका. खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मागे कुणी काही लिहिलेलं असतं. बाकी सगळ्यांनीही आपापले अल्बम बघा. बाप्तिस्मा, लग्न, काहीही. माणसांच्या खांद्यामागचा एक कोपरा दिसला तरी पाठवा.

नाना: पेटी माळ्यावर आहे. धाकट्याला पाठवा.

धाकटा: निघालो नाना.